कोयरीचा ठसा आणि हातभर लाल पट्टी

चिदंबरच्या ट्रकला पुढून लाल आणि मागून पांढरी पट्टी लावली ती मी. असायला हवं होतं बरोबर उलटं. दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या त्या पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या आणि मागे लाल, हे सुब्बरावमामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आयुधपूजेला ट्रकच्या तोंडाला जेवढं कुंकू फासतात तेवढं मागे कुणी फासत नाही, त्यामुळे लाल पुढेच शोभेल असं माझ्या हाताने ठरवून टाकलं. वर, मामा जेवायला घरी गेलेत ही संधी साधून त्यांचा ठसाही मीच उठवला आणि गाडी सोडून दिली.

ठसा हीच खरी भानगड.

सुब्बराव म्हणजे माझ्या आईचे लांबचे भाऊ. घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, रंगाऱ्यांचं. आजोबा लुगडी रंगवायचे, जाजमं छापायचे. नातू टी. नरसीपूर रस्त्यावर, पेट्रोल पंपाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक तयार करून देतो. पुढे रस्त्यात कुठेतरी आरटीओची जीप उभी असते. तिच्यासमोर जायच्या आत दिवे, वायपर, टायर, नंबरप्लेट, पट्ट्या, औषधाची पेटी, आग विझवायचं नळकांडं, सगळं जागच्या जागी आहे ना ते मामा बघतात. नसेल तर बसवतात. मी जतहून शिक्षण आटोपून इथे नोकरी शोधायला आलो आणि ती सापडेपर्यंत म्हणून शेडमध्ये मामांचा ‘तम्मा’, म्हणजे धाकटा, होऊन थांबलो. ते ‘पर्यंत’ अजून चालूच आहे.

मामांची तपासणी म्हणजे प्रदक्षिणा. ड्रायव्हरच्या दारापासून निघायचं आणि देवळासारखी गाडी उजव्या हाताला ठेवून फिरायचं. गळ्यात शिट्टी, कारण त्या वेळेपुरते तेच इन्स्पेक्टर. धोक्याचा लाल त्रिकोण ते आधीच हळूच काढून स्वतःच्या बुडाखाली ठेवतात, मग ड्रायव्हरला म्हणतात, दाखव. तो बिचारा सीटखालचं सगळं बाहेर काढतो आणि मामा त्रिकोणावर बसून घड्याळ बघतात. चिदंबरच्या औषधाच्या पेटीत एकदा कापसाच्या जागी चकल्या निघाल्या. मामांनी त्या जप्त केल्या, तिथेच खाल्ल्या आणि पेटी नव्याने भरून दिली. गुळगुळीत टायर दिसला की टोपी काढून स्वतःचं टक्कल त्याच्या शेजारी नेतात. म्हणतात, हा माझा भाऊ, याला आता घरी बसव.

सगळं चोख निघालं तरच मागच्या चाकामागे लोंबणाऱ्या रबरावर पांढऱ्या रंगात कोयरी उठते. ठसा आजोबांचा, सागवानी. अकरा वर्षांत कोयरीवाल्या एकाही गाडीची दंडाची पावती फाटलेली नाही. ज्या दिवशी फाटेल त्या दिवशी ठसा कायमचा ट्रंकेत, असं मामांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर सांगून ठेवलंय. त्यांनी म्हटलं म्हणजे ते करणार, यात कुणालाच शंका नाही.

तर मी हौसेने चिदंबरच्या ट्रकचा फोटो मामांना पाठवला. दोन मिनिटांत फोन. तोंडात घास होता, तरी शब्द स्पष्ट होते.

“तम्मा, गाडी पुढे चाललीय की मागे?”

अनुसूयामामींनी वाढलेलं ताट अर्धं टाकून मामा स्कूटरवरून आले, पट्ट्यांच्या उरलेल्या गुंडाळ्या उचलल्या, मला मागे बसवलं आणि निघाले. मी चिदंबरला फोन लावत राहिलो, तो उचलेना. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे त्याला मामांनीच शिट्टी वाजवून वाजवून शिकवलेलं. एवढी एकच गोष्ट तो शिकला होता.

पण चिदंबर उसाच्या रसाशिवाय नरसीपूर गाठत नाही. सहा-सात मैलांवर, रसाच्या गाडीपाशी त्याचा ट्रक दिसला. पलीकडे झाडाखाली आरटीओची जीप. आणि बाकावर, चिदंबरच्या शेजारीच, हातात ग्लास घेऊन नागरत्ना मॅडम. याच त्या इन्स्पेक्टर. चिदंबर त्यांना आपल्या गाडीची कोयरी दाखवत होता.

मामांनी कुणालाच काही विचारलं नाही. सरळ ट्रकच्या तोंडाशी गेले आणि नखाने लाल पट्टी उकलायला लागले. मॅडम कानडीत म्हणाल्या, दुकान इथे हलवलंत वाटतं.

“गाडी अजून दुकानातच आहे मॅडम,” मामा म्हणाले. “माझा हात तिच्यावरून निघालेला नाही.”

मॅडमनी ग्लासाकडे पाहिलं. हा संपला की उठते, एवढंच बोलल्या. मग त्यांनी रसात लिंबू पिळून मागितलं, आलं मागितलं, ग्लास दोनदा खाली ठेवला. इतका सावकाश रस प्यालेला माणूस मी पाहिलेला नाही.

पांढरी पट्टी पुढे गेली. मागची लाल लावताना मात्र गुंडाळी संपली, हातभर जागा उघडी राहिली. उकललेली पट्टी फाटून चिंध्या झालेली. मामा त्या उघड्या जागेवर तळवा टेकून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

मॅडम उठल्या. ट्रककडे नाही, जीपकडे गेल्या. रस्तासुरक्षा सप्ताहातली उरलेली लाल गुंडाळी काढली, आपल्या हाताने मापून तेवढा तुकडा कापला आणि मामांना दिला. म्हणाल्या, “सरकारी आहे. परत पाहिजे.”

मग त्यांनी प्रदक्षिणा घातली, तीही ड्रायव्हरच्या दारापासून. पावती फाटली नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, पुढे लाल लावणारा शहाणा कोण?

“मीच,” मामा म्हणाले. “पोटभर जेवलो होतो, डोळा लागला.”

मी खाली वाकून चिंध्या गोळा करत होतो. खूप बारीक होत्या, वेळ लागला.

परतीच्या वाटेवर पंप दिसायला लागला तेव्हा मामा म्हणाले, “पट्टी तू नेऊन द्यायची. आणि पहिली कुणी लावली होती, तेही सांगायचं. तोवर ठशाला हात नाही.”

याला चार महिने झाले. तेवढीच नवी लाल पट्टी कापून, गुंडाळून ठशाखालच्या खिळ्याला अडकवलेली आहे. जीप गुरुवारी येते. गुरुवारी मला नेमकं कुठल्यातरी गाडीच्या चाकांत हवा कमी वाटते. मामा खिळ्यासमोरून जाताना एकदाच शिट्टी वाजवतात.

परवा तर मॅडम स्वतः शेडमध्ये आल्या आणि आपली पट्टी कुठाय म्हणून विचारलं. मामांनी नुसती हनुवटी माझ्या दिशेने उडवली असावी. नक्की सांगता येणार नाही. मी ट्रकखाली होतो, आणि तिथे बरंच काम होतं.