झाम्फिरामावशीचं चर्च सरकलं तेव्हा

आमचं चर्च जागेवरून हलवून मागे नेणार, असं फादर व्हिसारियोन म्हणाले तेव्हा झाम्फिरामावशी खो खो हसली. म्हाताऱ्या फादरना उतारवयात विनोद सुचायला लागले, असं तिला वाटलं.

"फादर, सकाळी सकाळीच थोडी घेतलीत की काय?"

"नाही गं बाई. रुळांवर चढवणार म्हणे. ट्रामसारखं."

फादरच्या तोंडाकडे बघता बघता तिचं हसू विरलं. मी त्या चर्चमध्ये स्तोत्रं गायचो. तेव्हा मी पुस्तकं लावत होतो, तर हातातलं पुस्तक हातातच राहिलं. बुखारेस्टमध्ये त्या वर्षांत चर्च पाडल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या, त्यांची सवय झाली होती. पण चर्च चालवत नेणार?

झाम्फिरामावशी आमच्याकडे दाराशी बसून मेणबत्त्या विकायची. मोल्दोव्हातल्या खेड्यातून ती मुलगी असताना शहरात धुणीभांडी करायला आली आणि इथल्याच एका सुताराशी तिचं लग्न झालं. लग्नाचा मुकुट तिच्या डोक्यावर याच चर्चमध्ये ठेवला. पहिलं मूल दोन महिन्यांचं होऊन गेलं, त्याची शवपेटीही इथूनच निघाली. मरियामातेच्या प्रतिमेसमोरच्या एका फरशीवर गुडघे टेकून ती तेव्हा रडली होती. पुढे नवरा गेला, केस पांढरे झाले, पण प्रार्थना करायची ती त्याच फरशीवर. तिथे दुसरं कोणी उभं असलं की मागून खाकरायची. मला म्हणायची, "इलारिए, तू बेसूर गातोस ते देव चालवून घेतो. माझी जागा गेली तर मला प्रार्थना सुचायची नाही बाबा."

तिच्या बोलण्यावर आम्ही हसायचो.

आधी घरं गेली. रुंद रस्ता हवा, दोन्ही बाजूंनी दहा मजली इमारती हव्यात, असा वरून हुकूम होता. आमची ब्रुतारी गल्ली बघता बघता विटांचा ढीग झाली. मावशीचं घरही त्यात गेलं. तिला शहराच्या पार टोकाला आठव्या मजल्यावर एक खोली मिळाली आणि ती तिथून ट्रॉलीबस बदलत रोज यायची. मोकळ्या रानासारख्या त्या जागेत चर्च तेवढं उरलं होतं, आणि दारातलं अक्रोडाचं झाड. चर्चही पाडायचंच ठरलं होतं. लुपाश्कू नावाच्या इंजिनियरनं वर जाऊन गळ घातली: पाडू नका, सरकवून इमारतीमागे ठेवतो, रस्त्यावरून कुणाच्या नजरेसही पडणार नाही.

मग रस्त्याकडेच्या इमारती उठू लागल्या आणि इकडे खोदकाम सुरू झालं. आतली फरशी उखडली, पाया कापला, भिंतींखाली काँक्रीटचा चौथरा ओतला आणि त्याच्याखाली रूळ आले. मावशीची फरशी कुठल्या ट्रकमधून गेली कुणास ठाऊक. ती ट्रकांमागून धावली होती, हे मला फार नंतर कळलं.

सरकवायच्या दिवशी आम्हा सगळ्यांना दोरीपलीकडे उभं केलं. मरियामातेची मोठी प्रतिमा भिंतीतच बसवलेली होती, ती काढता आली नव्हती. यंत्रांचा आवाज सुरू झाला. बायका रडत होत्या. मी मावशीला शोधत होतो. वाटलं, बघवणार नाही म्हणून घरी राहिली असेल.

ती आत होती. मजुरांच्या आधी येऊन वेदीपुढच्या, प्रतिमांनी भरलेल्या आडभिंतीमागे बसली होती. मरियामाता एकटी कशी जाईल, एवढाच तिचा विचार.

पुढचं तिनंच मला सांगितलं. ती कच्च्या काँक्रीटवर गुडघे टेकून बसली. आता छत पडणार, आता भिंत फाटणार, म्हणून डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. लटकता दिवासुद्धा हलला नाही. यंत्रं बिघडली, देवानं ऐकलं, असं तिला वाटलं आणि ती आभाराची प्रार्थना म्हणू लागली. दुपारी लुपाश्कू शिडीवरून आत आला. भिंतींना तडे जाताहेत का, ते बघायला. तिला बघून त्याच्या हातातली बॅटरी खाली पडली.

"मावशी! अहो, तुम्ही आत कशा?"

"प्रार्थना करतेय. तुझं काय काम आहे ते कर."

"हे कुणाला कळलं तर मी तुरुंगात जाईन! उतरा आधी."

"उतरते. थांबव तुझं यंत्र."

"मधे थांबवता येत नाही."

मावशीला काही उमगेना. "थांबवायला चालू कुठे आहे?"

 तो तिच्याकडे बघत राहिला. मग बॅटरी उचलून म्हणाला, "मला तुम्ही दिसला नाहीत. संध्याकाळपर्यंत दाराजवळ येऊ नका." आणि निघून गेला.

संध्याकाळी दार उघडलं. आम्ही सगळे पुढे सरसावलो, तर उंबऱ्यात झाम्फिरामावशी! कुणीतरी किंचाळलं. फादरनी छातीवर क्रूसाची खूण केली. पण तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. दारासमोर अक्रोडाचं झाड नव्हतं. आकाश नव्हतं. हातभर अंतरावर असावी अशी इमारतीची करडी भिंत उभी होती. सकाळी ती एका जागी आत गेली होती आणि भलत्याच जागी बाहेर आली होती, आणि मधे तिला कणभर धक्का लागला नव्हता.

"झाड कुणी तोडलं?" तिनं विचारलं.

"झाड तिथंच आहे, मावशी," मी म्हणालो. "आपण आलो इकडे."

तिनं पाय खाली टाकला तर पायऱ्याच नव्हत्या. मी धरली म्हणून वाचली.  ती रडली नाही. मी तिला घरी पोचवलं.

त्यानंतर ती चर्चमध्ये यायची, मेणबत्त्या विकायची, पितळ घासायची, पण प्रार्थना करायची नाही. प्रतिमेसमोर उभी राहायची आणि परत फिरायची. फादरनी विचारलं तर म्हणाली, "भिंती त्याच आहेत हो फादर. पण मला परक्या घरात शिरल्यासारखं होतं."

"देव सगळीकडे असतो, झाम्फिरा."

"तो असेल. मी नसते ना!"

जुन्या जागेवरून रस्ता गेला. झाड तोडलं. पूर्वी जिथे मरियामातेची प्रतिमा होती तिथे जवळपास ट्रॉलीबसचा थांबा आला. मावशी तिथे जाऊन उभी राहू लागली. आधी एकदा भर रस्त्यात गुडघे टेकले तेव्हा शिपायानं दंडाला धरून हाकललं होतं. थांब्यावर उभ्या बाईला कोण काय म्हणणार? हातात रिकामी पिशवी, ओठ जेमतेम हलणारे. बसमागून बस सोडायची.

"मावशी, तुमची कुठली बस?" लोक विचारायचे.

"माझी अजून यायचीय."

एकदा मीही तिच्याशेजारी उभा राहिलो. थंडी बोचत होती. मी म्हणालो, "घरी चला, लोक वेडी म्हणतील." ती म्हणाली, "तू बेसूर गातोस ते मी कधी कुणाला सांगितलं का?" 

त्याच थांब्यावर तिला वेतुरिया भेटली. गिरणीत काम करणारी, चाळिशीतली बाई. तिनं मावशीचे हलणारे ओठ पाहिले असावेत. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "मावशी, इथे एक चर्च होतं ना? मला एक मेणबत्ती लावायचीय. मी दोनदा फिरले, सापडत नाही."

"आहे. इमारतीमागे. त्या कमानीतून जा."

"तुम्ही येता का? मला एकटीला भीती वाटते."

मावशी तिला घेऊन आली. मी आत होतो, सगळं माझ्यासमोर झालं. आमच्याकडे मेणबत्त्यांचे दोन खण असतात. वरचा जिवंतांसाठी, खालचा गेलेल्यांसाठी. वेतुरिया पेटती मेणबत्ती हातात धरून तशीच उभी राहिली. मेण तिच्या बोटांवर ओघळत होतं.

"लाव ना," मावशी म्हणाली.

"कुठल्या खणात लावू?"

"कुणासाठी आहे?"

"माझ्या मुलासाठी, रेमुससाठी. सरहद्दीवरची डॅन्यूब नदी पोहून पलीकडे पळतो म्हणाला. उन्हाळ्यात गेला. पलीकडे पोचला की…" तिला पुढे बोलवेना. "मावशी, मला माहीतच नाही हो. कुठल्या खणात लावू?"

 स्वतःचं मूल मावशीनं डोळ्यांदेखत पुरलं होतं, पण असा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मला उत्तर माहीत असावं. मग तिनं वेतुरियाचा हात धरला आणि मेणबत्ती वरच्या खणात रोवली.

"कळेपर्यंत इथेच," ती म्हणाली. आणि तिथेच, खण होता त्या जागी, जिथे ती पूर्वी कधीच गुडघे टेकून बसली नव्हती, तिथे ती खाली बसली आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली. वेतुरियाला शब्द येत नव्हते. मावशी एकेक ओळ म्हणायची, ती मागून म्हणायची.

त्यानंतर वेतुरिया दर रविवारी आली. आणखीही लोक आले, कारण मावशी आता थांब्यावर चर्च शोधणाऱ्यांसाठी उभी राहायची. चेहऱ्यावरून ओळखायची आणि म्हणायची, "या कमानीतून या माझ्याबरोबर."

मग हुकूमशहाची सत्ता कोसळली, सीमा उघडल्या. परागंदा झालेली मुलं घरी येऊ लागली. वसंतात एक तरुण नदीपलीकडच्या सर्बियाहून आला, तो रेमुसबरोबर पाण्यात उतरला होता. तो थेट वेतुरियाच्या दारी गेला.

त्या रविवारी वेतुरिया आली ती कुणाशी बोलली नाही. मेणबत्ती पेटवली आणि वाकून खालच्या खणात लावली. मावशी नुसती बघत राहिली. मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की फादर वेदीमागून धावत बाहेर आले. चर्च सरकलं त्या दिवशी जी रडली नव्हती, ती दुसऱ्याच्या मुलासाठी हंबरडा फोडून रडली. वेतुरियाच तिला सावरत होती.

फादरनी मला खूण केली. मी मृतांसाठीचं स्तोत्र सुरू केलं. माझा आवाज फाटत होता, सूर कुठच्या कुठे जात होता. कुणी काही म्हटलं नाही. सगळे जण गायले.