खळबाईंच्या चांदण्या

खळबाईंच्या बोटांवर कायम वाळलेल्या खळीचे पापुद्रे असत. मैद्याची खळ त्या स्वतः स्टोव्हवर शिजवत आणि बोलता बोलता अंगठ्याच्या नखाने हे पापुद्रे सोलत बसत. म्हणून मुलांनी त्यांचं नाव खळबाई पाडलं होतं. खळीला कीड लागू नये म्हणून लोक त्यात विषारी मोरचूद घालतात. त्या घालत नसत. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "पोरं चाटत्यात की." आणि मुलं खरोखरच चाटत.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. बालशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन मी कोल्हापुरातल्या एका बालवाडीत लागले, तेव्हा तेवीस वर्षांची होते. खळबाई पेठ वडगावच्या, ख्रिस्ती घरातल्या, सातवी शिकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. माझ्या वर्गात अक्षरांचे तक्ते होते, रंगीत ठोकळे होते, सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मांडलेलं. पलीकडच्या वर्गात त्या आणि एक फाटकी सतरंजी. तरी माझ्या मुलांचे कान त्या मधल्या भिंतीलाच लागलेले असत.

दिवाळीची सुट्टी संपली की त्या मुलांना घरचे उतरवलेले आकाशकंदील आणायला सांगत. त्यांच्या कामट्या सोडवून त्यावर पतंगी कागद चिकटवला की नाताळच्या चांदण्या तयार. काळ्या मातीची जनावरं, उसाच्या पाचटाचं छप्पर, असा गोठा व्हायचा आणि त्यात बाळ येशू. एका वर्षी कुणीतरी त्या गोठ्यात भली मोठी म्हैस करून ठेवली. तिथे म्हैस कुठून आली, असं मी जरा कुचकटपणेच विचारलं. त्यांनी म्हैस हलवली नाही. "कोल्हापुरात जन्मला असता तर धारोष्ण दूध म्हशीचंच पाजलं असतं की त्याला," म्हणाल्या.

मुलाच्या हातातलं काम त्या कधी काढून घेत नसत. मी घ्यायचे. वाकडं कातरलं की कात्री घेऊन सरळ करून द्यायचे. त्यांच्या वर्गात चार टोकांची चांदणीसुद्धा सगळ्यांत आधी टांगली जायची. पाचवं टोक कुठे गेलं, असं मुलं विचारत, तेव्हा ते अजून उगवायचं आहे, असं त्या अगदी गंभीरपणे सांगत.

माझ्या वर्गात सुनीता नावाची मुलगी होती, एका जैन धान्य व्यापाऱ्याची. जूनपासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. मी गोष्टी सांगितल्या, बाहुल्या आणल्या, मांडीवर घेतलं, सगळं करून पाहिलं. डिसेंबरातल्या एका दुपारी ती जागेवर दिसेना म्हणून शोधायला गेले, तर ती खळबाईंच्या सतरंजीवर बसून मेंढीला कापूस चिकटवत होती आणि अखंड बोलत होती. आजी, शेजारची मांजर, दुकानातली पोती, सगळं सांगत होती. खळबाई नुसत्या "व्हय?" म्हणत होत्या. मी दारातूनच मागे फिरले. मुलगी बोलली याचा आनंद मला झाला नाही. ती त्यांच्याशी बोलली, एवढंच डोक्यात राहिलं.

त्या संध्याकाळी मी एका आखीव कागदावर लिहिलं, की या शाळेत लहान मुलांना परधर्माची कामं करायला लावतात, हे आम्हाला पसंत नाही. खाली सही केली, 'एक पालक'. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन तो कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मोठ्या बाई आमच्या मुख्याध्यापिका, स्वभावाने भित्र्या. त्यांनी खळबाईंना बोलावून कागद दाखवला आणि हस्तकाम बंद केलं. अर्धवट चांदण्या कपाटावर गेल्या. खळबाई वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद नीट वाचला, परत दिला आणि वर्गात गेल्या.

आठवड्याच्या आत सुनीताचे वडील शाळेत आले. पोरगी पुन्हा गप्प झाली आहे, कुणी अडवलं तिला, असं त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाईंनी कागद पुढे केला. तो वाचून ते म्हणाले, की हा पालक कोण ते आम्हाला ठाऊक नाही, पण आमची तक्रार नाही. कामट्या कमी पडत असतील तर आम्ही पाठवतो. काम पुन्हा सुरू झालं. त्याच दुपारी खळबाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "सगळी पोरं घेऊन या. तुम्हीबी बसा खाली. साडीला खळ लागंल, पण बसा." मी बसले. थोड्या वेळाने शेजारून सुनीता मला म्हणाली, "बाई, तुम्ही लई खळ लावताय." मी डोळे पुसले ते कुणाला दिसू नये म्हणून मान खाली घालूनच कागद चिकटवत राहिले.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि वडगावला भावाकडे निघाल्या. त्यांची पिशवी घेऊन मी एसटी स्टँडवर गेले. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या मी एका दमात सांगून टाकलं, की तो कागद माझा होता.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

कसं कळलं, असं विचारलं, तर बोटांवरची खळ सोलू लागल्या. मग म्हणाल्या, "फळ्यावरचं तुमचं अक्षर बघून मी घरी पाटीवर गिरवायची. माझं असं का न्हाय म्हणून लई जळायची मी. ते अक्षर वळखणार न्हाय व्हय मी?"

गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या आणि पोरांच्या हातातली कात्री काढून घेत जाऊ नका, एवढं सांगून गेल्या. दोन पावसाळ्यांनंतर त्या वारल्याचं कळलं.

नंतर मी बरीच वर्षं शिकवलं. मुलं माझ्याशी बोलू लागली. पण स्टँडवरचं ते बोलणं आठवलं की अजून आत कुठेतरी टोचतं. आम्ही दोघीही एकमेकींवर जळत होतो. त्यांनी जळून माझं अक्षर शिकून घेतलं आणि मी त्याच अक्षरात तो कागद लिहिला. त्यांना तसं जळता आलं, याचा मला आजही हेवा वाटतो.