सारंगचाचांच्या वहीतलं कोरं पान

सारंगचाचा भेटणाऱ्याला तब्येत विचारत नसत. "अर्थ सांग," म्हणत. अर्थ एकाच ओळीचा: ‘दार उघडं ठेव, वाट पाहू नको.’ ओळ कुठल्याशा चिनी साधूची. चाचा मालवाहू बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. बोट हाँगकाँगला आठवडाभर अडकली तेव्हा त्यांनी या साधूच्या वचनांची तीन इंग्रजी पुस्तकं घेतली, प्रत्येकात वेगळ्या माणसाचं भाष्य. नोकरी सोडून राजिवड्याला आले ते ही तीन पुस्तकं घेऊन.

"बघ शेट, चीनचा दरबारी पंडित म्हणतो, ही ओळ राजासाठी. रयतेला येऊ दे, बोलावू नको. जर्मन पाद्री म्हणतो, दार म्हणजे काळीज, येणारा देव. अमेरिकेचा प्रोफेसर म्हणतो, कोण येत नाही नि कोण जात नाही, सगळे मनाचे खेळ. साधू बिचारा एक ओळ बोलून मेला. ज्याने त्याने तिला आपापल्या घराचं दार बसवलं."

मला शेट म्हणत ते चिडवायला. लांज्याला काजूबियांची पोती पाठीवर वाहत मी धंद्यात आलो, मग राजिवड्याला दुकान टाकलं. भाव पाडण्यात मला कोणी हरवलेलं नाही, आणि राग कायम नाकावर. तरी संध्याकाळी चाचांच्या ओटीवर जाऊन बसायचो.

पुढे त्यांनी एक वही सुरू केली. येईल त्याचा अर्थ नावासकट लिहून घेऊ लागले. मासे विकणारी फातिमा म्हणाली, "दार उघडं ठेवलं तर मांजर येतं, चाचा!" तेही लिहिलं. वर म्हणाले, "प्रोफेसरपेक्षा बरं आहे."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "हा धंद्याचा नियम. दुकान उघडं ठेवायचं, पण आपल्याला गरज आहे हे गिऱ्हाइकाला दिसू द्यायचं नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "हे नाही लिहीत."

"मांजर चालतं नि मी नाही?"

"मांजर तिच्या घरातलं आहे रे. तू मला भाव सांगतोयस. तुझं सांग, मग लिहितो."

"राहू द्या. पुन्हा या ओटीवर पाय ठेवणार नाही." चार माणसांसमोर बोललो आणि उठलो.

आमच्या बाजारात सौदा मोडून उठलेल्याला समोरचा तिसऱ्या पावलाला हाक मारतो. मी तिसऱ्या पावलाला थांबलो. हाक आली नाही.

त्यानंतर दोन वर्षं भाट्याच्या पुलाकडे जाताना रोज त्यांच्या घरावरून गेलो. दार उघडं असायचं. चाचा आत खुर्चीत, तोंड रस्त्याकडे. मी मान फिरवायचो. म्हटलं, पहिली हाक त्यांची.

दफनानंतर त्यांच्या मुलीने ती वही मला दिली. "अब्बा सांगून गेलेत, शेटकडे द्या."

उभ्या उभ्याच चाळली. फातिमाचं मांजर होतं. पोस्टमनचा अर्थ होता, हकीमसाहेबांचा होता. एका पानावर फक्त माझं नाव, खाली काही नाही. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःचा अर्थ लिहिला होता:

‘दार उघडं ठेवलं. दुसरं जमलं नाही.’

मी वही मिटली. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. एक हाक मारायला काय झालं होतं, एवढंच तेव्हा मनात आलं. अजून तेच येतं.