ओउलाच्या गाडीचे सहा दिवे

ओउला सार्रेने दोन हिवाळ्यांत आपल्या स्नोमोबाईलचे हेडलाइट तीनदा बदलले, आणि तिन्ही वेळा दोष दिव्यांचाच होता. हे त्याचं स्वतःचं म्हणणं. गावाचं म्हणणं निराळं होतं, पण गावाला विचारायला ओउलाला सवड कुठे होती?

पहिल्यांदा त्याने पिवळे हॅलोजन काढून दोन पांढरे एलईडी बसवले. गाडी बनवणाऱ्यांना उजेड कशाशी खातात तेच कळत नाही, असं त्याचं मत पडलं. एलईडी झगझगीत होते, यात वाद नाही. फक्त ते तापत नाहीत. जुन्या हॅलोजनच्या काचेवर बसलेला बर्फ त्याच्याच धगीने वितळायचा. नव्या दिव्यांवर बर्फ थापला गेला की थापलेलाच. ओउला दर दहा मिनिटांनी उतरून हातमोज्याने काच पुसायचा आणि पुसता पुसता बर्फालाच शिव्या घालायचा, की हल्ली पडतोच असला चिकट.

दुसऱ्यांदा त्याने हँडलसमोर आणखी दोन दिव्यांची पट्टी ठोकली. जावई येरे म्हणाला होता, की एवढं ओझं या जुन्या गाडीचा डायनॅमो ओढणार नाही. ओउलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. येरे टाम्पेरेचा, म्हणजे फिनलंडच्या दक्षिणेचा, आणि दक्षिणेच्या माणसाने इकडे येऊन तोंड उघडायचं ते जेवायला. दिवे लागले. हँडल गरम ठेवणारी तार मात्र गार पडली, आणि उणे तीस अंशांत ओउला दोन्ही अंगठे पांढरेफटक करून घरी आला.

त्याच्या बायकोने, एल्लेने, ते अंगठे कोमट पाण्यात धरले. "तुला गाडी हवी आहे की दीपगृह?"

"तार हलकी निघाली."

"तारच हलकी निघाली असेल," एल्ले म्हणाली, आणि जरा जोरातच अंगठा चोळला.

तिसऱ्यांदा त्याने वेगळी बॅटरी बांधली आणि त्यावर अजून दोन दिवे. एकूण सहा. गाडी सुरू झाली की तळ्यापलीकडच्या लोकांच्या घरात उजेड पडायचा. बर्फ पडत असला, की तोच उजेड समोरच्या कणांवर आपटून तोंडावर परत यायचा आणि गाडीपुढे पांढरी भिंत उभी राहायची. कोणत्याही शहाण्या माणसाने दिवे मंद केले असते. ओउला सातव्या दिव्याचा विचार करत होता.

खरी गोष्ट अशी, की ओउलाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही असं तो धरून चालला होता. समोरून दिवा आला की त्याला दिव्याऐवजी विस्कटलेलं कडं दिसायचं. रोव्हानिएमीला डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथे अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी माणूस घरी. पण तिथे जाण्यापेक्षा सहा दिवे बसवणं ओउलाला सोपं वाटलं. अक्कल गहाण टाकलेल्या माणसाला काय वाटेल याचा नेम नाही.

त्याची भीती एवढीच होती, की तिथे गेलो तर गावाला कळेल आणि आपली रिंगणातली जागा जाईल. इथे रेनडियरच्या कानावर मालकाची खूण कापलेली असते. कोणाची दुहेरी खाच, कोणाचं टोक उडवलेलं, कोणाचं मधे भोक. हिवाळ्यात सगळे कळप एका कोंडवाड्यात आणतात, आणि उन्हाळ्यात खूण करायची राहून गेलेली पाडसं आईमागे धावत असतात. आईचा कान धावताधावता वाचायचा, पाडसाला दोरीचा फासा टाकायचा, आणि तीच खूण त्याच्या कानावर कापायची. चुकून दुसऱ्याच्या पाडसावर आपली खूण कापली तर कान परत जोडता येत नाही. मुद्दाम कापली तर ती चोरी, आणि चोराबरोबर इथे कोणी कॉफी पीत नाही.

ओउला तरुणपणी चाळीस पावलांवरून कान वाचायचा. लोक "ओउला, कोणाची रे?" विचारायचे आणि हा मागे वळूनही न बघता नाव सांगायचा. या एका गुणावर त्याने तीस वर्षं मिजास केली. त्याच्या बापाची नजर गेली तेव्हा लोकांनी त्याला प्रेमाने कुंपणाबाहेरच्या शेकोटीपाशी बसवलं, आणि मरेपर्यंतची अकरा वर्षं तो तिथे कॉफी उकळत राहिला. एकदा शेकोटीपाशी गेलेला माणूस परत रिंगणात आलेला ओउलाने पाहिला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्याने वेळ मारून नेली होती. रंग, चाल, शिंगांची ठेवण यांवरून अंदाज बांधले आणि एकतीस पाडसं बिनचूक वेगळी काढली. तेव्हापासून तर तो फारच तोऱ्यात होता.

डिसेंबरात सूर्य उगवतच नाही; दुपारी दोनेक तास निळसर उजेड असतो, त्यातच काम उरकायचं. त्या दिवशी ओउला सहाही दिवे लावून कोंडवाड्यापाशी आला. तिथे रिस्तेन आपल्या गाडीवरून उतरत होती. सत्तरी ओलांडलेली विधवा, पदरी एकोणीस रेनडियर, आणि गाडीला एकच दिवा, तोही तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावलेला.

"रिस्तेन, तो दिवा आहे की मेणबत्ती?"

"मला रस्ता माहीत आहे," रिस्तेन म्हणाली. "तुला तो शोधावा लागतो का?"

ओउला हसला. त्याने गाडी थेट कुंपणाला भिडवली आणि दिव्यांचा रोख आत वळवला. "घ्या. तुम्हाला या अंधुकात काही दिसत नाही म्हणून आणलाय उजेड."

आत गोल फिरणारी जनावरं बिचकली. पुढची थबकली, मागची त्यांच्यावर चढली, आणि दोन पाडसं फळ्यांवर आदळली. कळपांचा मुखिया साम्मोल रिंगणाच्या मधोमध उभा होता. तो कधी आवाज चढवत नाही. "ओउला, बंद कर ते."

"सवय होईल त्यांना."

"त्यांना होईल. मला व्हायची नाही. बंद कर."

ओउलाने चार दिवे बंद केले, दोन ठेवले, कारण सगळे बंद करणं म्हणजे हार. मग फासा घेऊन आत शिरला. येरे फळीवर बसून वहीत नोंदी करत होता. "सासरेबुवा, मी सांगू का खुणा?" त्याने विचारलं.

"तू शाई गोठणार नाही तेवढं बघ."

तेवढ्यात प्रकाशाच्या पट्ट्यातून पांढऱ्या नाकाची मादी गेली आणि मागे तिचं करडं पाडस. ओउलाला डावा कान दिसला. निदान दिसला असं वाटलं: दुहेरी खाच, आपलीच. चालही ओळखीची. फासा सुटला आणि बरोबर पडला. हात अजून तरबेज होता. त्याने पाडसाला गुडघ्याखाली घेतलं, सुरी काढली आणि दोन झटक्यांत खाच कापली. कानाचे कपटे मोजणीसाठी खिशात टाकले. मग त्याच्या लक्षात आलं, की आजूबाजूची माणसं हलेनाशी झाली आहेत.

पांढऱ्या नाकाची मादी दोन पावलांवर उभी राहून पाडसाला हाक घालत होती. रिस्तेनने तिच्या गळ्यात हात टाकला. "ओउला, इकडे ये."

तो गेला. तिने त्याचा हातमोजा काढला, बोटं धरली आणि मादीच्या कानावर टेकवली. टोक सपाट उडवलेलं. खाली गोल भोक. ही खूण ओउला पाळण्यात असल्यापासून ओळखत होता. रिस्तेनची.

साम्मोलने घसा साफ केला. "दिव्यांनी डोळे दिपले असतील. असल्या उजेडात कोणाचेही दिपतील. येरे, लिही, की दिव्यांमुळे चूक झाली."

वाट आयती मिळाली होती. मान डोलावली असती तर ओउला दोन दिवस हास्यास्पद ठरला असता आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा रिंगणात उभा राहिला असता. त्याने दिव्यांकडे पाहिलं. त्याला एकच मोठं विस्कटलेलं कडं दिसलं, आणि सहातले चार दिवे आपण बंद केले होते हे आठवलं. जळते कोणते आणि विझलेले कोणते, हे त्याला सांगता येईना.

"दिवे चांगले आहेत," तो म्हणाला. "मलाच दिसत नाही. दोन वर्षं झाली."

"ते आम्हाला माहीत आहे," रिस्तेन म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती. तिला पाडसावर परकी खूण बसल्याचा राग होता आणि तो तिने लपवला नाही. "गेल्या वर्षी तुझी एकतीस पाडसं तुझ्या पायाशी आपणहून आली असं वाटलं तुला? मी वाचत होते आणि तुझ्याकडे हाकत होते. दिवसभर. तू मात्र माझ्या दिव्याला हसत होतास."

ओउला तिच्याकडे वळला.

"का केलंस?" त्याने विचारलं.

"तुझा बाप अकरा वर्षं माझ्या हातात कॉफी देत होता, आणि दर वेळी विचारायचा, की आत काय चाललंय. मला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं." तिने पाडसाच्या कानातून ठिबकणारं रक्त हाताने पुसलं आणि त्याला आईकडे ढकललं. "सोमवारी रोव्हानिएमीला जायचं. मोटार येरे चालवेल, आणि तू वाटेत त्याला एक अक्षर बोलायचं नाहीस."

ओउलाने सुरी पुसून म्यानात घातली आणि कुंपणाच्या फाटकाकडे निघाला. फाटक कुठे आहे हे तो चाचपत होता. येरे फळीवरून उतरला आणि त्याने ते उघडून धरलं.