हळदीकुंकू लावलेला कोहळा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." पण आपली भिंगरी वेगळी अन् सरकारनं उचलून दुसरीकडे टाकणं वेगळं. हे शाळामास्तर. निजामाचं राज्य गेलं, शाळा उर्दूच्या मराठी झाल्या, मग हैदराबाद मोडलं अन् आम्ही मुंबई राज्यात गेलो. दर उलथापालथीत ह्यांची बदली. अन् बदली यायची ती नेमकी माझं परस भरात आल्यावर! मेथी मी पेरायची अन् भाजी कुणी दुसरीनंच खुडायची. चीड यायची मला.

परस कसं करायचं ते आईनं शिकवलं होतं. मृगात वेल टोकायचे, दोडका, कारलं, कोहळा. हस्ताचा पाऊस ओसरला की वाफे करून मेथी अन् कोथिंबीर. धने चपलेखाली रगडून त्यांच्या दोन डाळी झाल्या तरच पेरायचे, अख्खे पेरले की बसा वाट बघत. मोरीचं पाणी अळूला सोडायचं. शेवंतीच्या बुडाशी फुटलेली मुनवी उन्हाळाभर सावलीत जपली तर दिवाळीला फूल. हे सगळं मला येतं. थांबणं तेवढं येत नाही.

कोहळ्याची बी आईची होती. तिच्या परसातला कोहळा दळदार, सांडगे करावेत तर त्याचेच. दर वर्षी मृगाच्या आधी ती कुणाच्या तरी हाती चिंधीत बांधून बी धाडायची. आमची बदली चारठाण्याला झाली त्या चैत्रात आई गेली. सांगावा उशिरा मिळाला, मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या, ही रडत का नाही म्हणून. मला रडू आलंच नाही. मी आईचं घर झाडलं, भांडी घासली, अन् परत आले. तिच्या शेवटच्या चिंधीतली बी तेवढी माझ्याजवळ होती. मृगात ती सगळी लावली. जरा हात राखून लावावी, एवढाही धीर मला नव्हता.

पावसानं ओढ दिली. बाकीचे वेल जळाले, एक जगला. त्याला एकच कोहळा धरला. तो मी बियाण्याला राखला. आमच्या माहेरी रीत अशी की बियाण्याच्या फळाला हळदीकुंकू लावायचं, म्हणजे घरातलं कुणी चुकूनही तोडत नाही. मी त्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढून ठेवली अन् रोज जाऊन बघायची, अंगावर पांढरी राख धरली का? राख धरल्याशिवाय बी पक्व होत नाही.

गौरी उठल्या अन् हे हातात कागद घेऊन आले. "सेलूला."

"कोहळा हिरवा आहे अजून," मी म्हणाले.

"अगं, कोहळ्यासाठी बदली थांबते का? सेलूच्या बाजारात ढिगानं बी मिळंल."

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. कोहळा तसाच वेलावर ठेवून निघालो. नवं बिऱ्हाड यायचं होतं, सांगायला दारात कुणी नव्हतं. म्हटलं, हळदीकुंकू आहे ना, कळेल कुणालाही.

सेलूला मी एक वाफा केला नाही. भांडी लावायची, पुन्हा काढायची. दारात जायची, आत यायची. आधी आमचं पोर तापानं फणफणलं, मग सण आला. दसरा झाला तशी पोराला शेजारणीकडे ठेवून मी मोटारीत बसलेच. देवगाव फाट्यावर गाडी बदलून चारठाण्याला उतरले अन् तरातरा चालत जुन्या घरी गेले. सरळ परसात शिरले. वेल वाळून कुडावर लोंबत होता. कोहळा नव्हता.

नव्या बिऱ्हाडातली बाई बाहेर आली, माझ्याच वयाची, पदर खोचलेली. मी कोण ते तिनं ताडलं असावं.

"त्यो कोहळा व्हय? नवमीपत्तुर आमी त्याला हात सुदिक लावला न्हाई बगा. हळदीकुंकू बगितलं अन् म्हणलं, कुणीतरी देवीला बोललेलं दिसतंय. नवमीला देवळात नेला. लय राख धरली होती. देवीम्होरं कापला, गल्लीत वाटला."

तिनं तर किती मनापासून केलं होतं! शिव्या तरी कुणाला घालू? मग ओट्यावर सूप दिसलं. सुपात राख चोळलेली बी वाळत होती.

"ती माझी बी आहे," मी म्हणाले. "माझ्या आईची. आई गेली या चैत्रात."

तिनं सूप जवळ ओढलं. ओट्याच्या टोकाला तिची सासू वाती वळत होती, तिनं मान हलवली. "देवीच्या परसादाची बी हाय, बाई. गावाभाईर देत न्हाईत. गावाची बरकत जाती."

"अहो, मी देवीला बोललेच नव्हते!"

"तुमी न्हाई, तुमच्या हातानं बोलून घेतलं तिनं."

मी तडक निघायला वळले. पाणीसुद्धा प्यायले नाही. ती बाई म्हणाली, "वैनी, रिकाम्या जाऊ नका, ओटी भरते." सूप घेऊन आत गेली अन् गहू आणून माझ्या पदरात ओंजळ रिती केली. मी रागानं तोंड फिरवून उभी होते. पदराला गाठ मारली अन् निघाले.

देवगाव फाट्यावर सेलूच्या गाडीचा पत्ता नव्हता. तिथल्या दगडावर मी बसले, उठले, पुन्हा बसले. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून पदराची गाठ सोडली अन् गव्हातले खडे वेचायला लागले. वरच एक हळकुंड होतं. त्याच्याखाली, गव्हात मिसळलेली, राख चोळलेली कोहळ्याची बी.

सासूच्या देखत देता येईना, म्हणून तिनं ओटीतून दिली होती. सवाशिणीच्या ओटीत काय घातलं हे कोण विचारणार? अन् मी तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं.

मी एकेक बी गव्हातून निवडून रुमालात ठेवत होते. सेलूची गाडी आली, कंडक्टरनं दोनदा हाक दिली, अन् गाडी निघून गेली. माझ्या पायांना उठायचंच नव्हतं. आई गेल्याला सहा महिने होऊन गेले होते, अन् त्या फाट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मी आईसाठी रडले.