महादेवीचा व्हिसा

ही गोष्ट मी आजवर कुणाच्या कानावर घातलेली नाही. सख्ख्या भावाच्याही नाही. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात आडवं केलं होतं, तेव्हा ओठांपर्यंत आली होती — गिळली. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर, खरं सांगतो, सगळ्यांना जे सांगत आलो तेच तुम्हालाही सांगितलं असतं.

लक्ष्मीपुरीत माझं शेतीच्या पाइपांचं आणि मोटरपंपांचं दुकान. घर शिवाजी पेठेत. बायको महादेवी. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला लागून, त्यामुळं रागावली की मराठीतून सरळ कानडीत शिरायची. शिकलेली दहावी, पण पुडीचा कागद हातात आला तरी वाचल्याशिवाय टाकायची नाही. मुलगी गिरिजा झाली आणि पुढच्याच वर्षी महादेवीच्या ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका उठला. मग डोळ्याभोवती. मग बोटांवर. कोड. औषधं झाली, पथ्यं झाली, शेवटी तिनंच सगळं बंद केलं. "दुखत न्हाय, खुपत न्हाय. ऱ्हाऊ दे की," म्हणाली. आणि ती खरंच तशी राहिली — मोकळी. चारचौघांत वावरताना तिला त्याची आठवणही नसायची. मला असायची.

दोन हजार सालानंतरची काही वर्षं धंद्याला बरी गेली. ज्या कंपनीचे पाइप मी विकायचो, तिनं चांगली विक्री करणाऱ्या डीलरांना जोडीनं परदेशी न्यायचं ठरवलं. बार्सिलोना. तीन दिवस — हिंडायचं आणि खायचं, बस्स. मला ते नाव धड उच्चारता येत नव्हतं. महादेवीनं दोन दिवसांत तोंडपाठ केलं.

मग घरात दुसरा विषयच नाही. गिरिजा तेव्हा कॉलेजात होती. मायलेकी संध्याकाळी सायबर कॅफेत जायच्या, प्रिंट काढून आणायच्या, आणि जेवणं उरकली की ते कागद पसरून बसायच्या. आधी काय बघायचं, चालत किती, बसनं किती, जेवायचं कुठं. तिथं एक मोठं चर्च आहे, शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ बांधतायत आणि अजून पुरं झालेलं नाही — ते महादेवीला पहिल्या दिवशी बघायचं होतं. "आपल्या गल्लीतला गवंडी नेला असंल त्यांनी," म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी बाजार, फळांचा आणि भाज्यांचा. आम्ही लिंगायत, मांसमच्छी घरात येत नाही, त्यामुळं तिथं खायचं काय ही मला धास्ती. तेही तिनंच शोधून काढलं. तिथले लोक म्हणे वांगी, ढबू मिरच्या आख्ख्या विस्तवावर भाजतात, सालं काढतात आणि वरून तेल सोडून खातात. पावावर टोमॅटो चोळून खातात.

"अवो, भरीतच की हे! वांगं एवढ्या लांब जाऊन बसलंय आणि आपण हितंच."

तिसरा दिवस तिनं मोकळा सोडला होता. त्या दिवशी काय, असं गिरिजानं विचारलं तर म्हणाली, समुद्राकाठी बसणार, तुझे पप्पा आणि मी. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं असे कुठं बसलोच नव्हतो. एकदा गगनबावड्याला गेलतो, तेही सगळं घर टेम्पोत घालून.

व्हिसाचे फोटो काढायला गेलो. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर तिचा चेहरा मोठा केला आणि हळूच विचारलं, "वहिनी, डाग घालवू काय? कळणारबी न्हाई." ती म्हणाली, "नको वो. जाणार मी हाय, फोटू न्हाई." तो हसला. मी भिंतीकडं बघत होतो.

का बघत होतो भिंतीकडं?

त्याच्या थोडं आधी कंपनीनं एका हॉटेलात जेवण ठेवलं होतं. एकेका जोडीला स्टेजवर बोलावून सत्कार. मोठ्या साहेबांच्या बायकोनं महादेवीच्या हातात फुलं दिली, आणि महादेवीनं — तिची रीतच ती — त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. खाली उतरल्यावर त्या बाईंनी रुमाल काढला आणि हात पुसला. बोट न् बोट पुसलं. महादेवीनं पाहिलं का, मला माहीत नाही. मी पाहिलं. आता मला राग त्या बाईंचा यायला हवा होता, नाही का? नाही आला. मला महादेवीचा राग आला. कशाला धरायचा हात? — हेच माझ्या मनात आलं. त्यानंतर बार्सिलोना म्हटलं की मला समुद्र दिसेना, बाजार दिसेना. दिसायचं ते एवढंच, की लांब टेबलावर सगळी जोडपी बसलीयत, महादेवी पावावर टोमॅटो चोळतेय, आणि सगळे तिच्या बोटांकडं बघतायत.

तिचे कागद मी पाठवलेच नाहीत.

बघा, सांगायला एक वाक्य लागलं. दोघांचे पासपोर्ट आणि फोटो मुंबईच्या एजंटाकडं कुरिअरनं पाठवायचे होते. मी फक्त माझे पाठवले. तिचा पासपोर्ट दुकानातल्या कपाटात जुन्या कॅटलॉगांखाली सरकवला. कंपनीला कळवलं, मिसेसची तब्येत बरी नसते, प्रवास झेपणार नाही. आणि माझा व्हिसा आला त्या दिवशी घरी जाऊन तिला म्हणालो — तुझा नाकारला.

ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"डागामुळं?"

ती चिडेल, रडेल, एजंटाला शिव्या देईल असं मी धरून चाललो होतो. त्याची उत्तरं तयार होती — कागद कमी पडला, गर्दी फार आहे, असलं काहीबाही. हा प्रश्न मी धरलाच नव्हता. ‘नाही’ म्हणायचं होतं. केवढा शब्द तो? मी गप्प राहिलो. आणि तिनं माझं गप्प राहणं हेच उत्तर म्हणून घेतलं.

"व्हय," ती स्वतःशीच म्हणाली. "फोटूत लई दिसत्यात. घालवून घ्यायला पायजे हुतं."

मी गेलो. एकटा. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि कुठं काय बघायचं ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं. आमच्यात पेठ वडगावचे एक डीलर होते. त्यांची बायको साठीच्या घरातली, नऊवारीत, पायात बूट. तिनं पहिल्याच जेवणाला पिशवीतून हिरव्या मिरचीचा खर्डा काढला, सगळ्यांना वाढला, वेटरलाही चाखायला लावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि टेबल हसून लोळलं. तीन दिवस सगळे त्या बाईंच्या मागं मागं. कुणी कुणाच्या बोटांकडं बघत नव्हतं. वांगं मी खाल्लं. भाजल्याचा वास, वर तेल, जाडं मीठ — इतकं चांगलं लागलं की पुढचा घास जाईना. तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून खोलीत पडून राहिलो.

परत आल्यावर तिनं सगळं विचारलं. रुसवा नाही, टोमणा नाही. वांगं कसं लागलं? "बेचव," मी म्हणालो. "आपल्या भरताची सर न्हाई." तिला बरं वाटावं म्हणून बोललो, असं मी स्वतःला समजावलं. खोटं. मला बरं वाटावं म्हणून बोललो.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं. पण त्यानंतर महादेवी फोटो काढू देईना. गिरिजाच्या लग्नात कॅमेरा वळला की ही काहीतरी आणायला आत. बोलताना पदर ओठांपाशी यायला लागला. इतकी वर्षं जिला डागांची आठवण नव्हती, तिला ती मी करून दिली.

गिरिजा लग्नानंतर हॉलंडला गेली. तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण, परका मुलूख — आईनं यावं म्हणून रोज फोन. महादेवी नको म्हणाली. गिरिजानं समजावलं, तेव्हाचं तेव्हा होतं, आता परत अर्ज करू. पण अर्ज म्हणजे पुन्हा फोटो, पुन्हा कुणीतरी तो बघणार. "परत न्हाई म्हंतील," मला म्हणाली. "एकदा झालं त्येवढं बास." गिरिजाला मात्र ती गुडघ्यांचं कारण सांगत राहिली. शेवटी गिरिजा फोनवर ओरडली, तुला यायचंच नाहीये, आणि तिनं फोन ठेवला.

मी तिथंच बसलो होतो. तेव्हा बोलू शकत होतो ना? अगं, तुला कुणी नाकारलंच नव्हतं. एवढंच तर होतं. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज दुकान उघडायचो. गिरिजा परक्या बायकांत बाळंत झाली. आम्ही डिंकाचे लाडू पार्सलनं पाठवले. पुढं तिचे फोन माझ्याच मोबाइलवर यायला लागले. आईला दे, असं ती म्हणायची नाही. महादेवी जवळ उभी राहून एकच भांडं पुसत राहायची.

नातू चालायला लागल्यावर गिरिजा त्याला घेऊन आली. दोन-तीन दिवस सगळं गोडीत गेलं. मग एका सकाळी स्वयंपाकघरात तिचा बांध फुटला. "आई, तू आली नाहीस. माझी आई असून तू आली नाहीस."

"मला नाकारलंतं की गं," महादेवी म्हणाली. पहिल्यांदाच तिनं लेकीला खरं कारण सांगितलं. "ह्या डागांमुळं. परत धीर झाला न्हाई."

गिरिजा हळू आवाजात म्हणाली, "डाग बघून कुणी नाकारत नसतं, आई. आणि नाकारलं तर तसं लिहून देतात, कारण घालून." ती माझ्याकडं वळली. मी दारात बसलो होतो, मांडीवर नातू. "पप्पा, ते पत्र कुठाय?"

"एजंटाकडंच ऱ्हायलं," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटतं, तिला कळलं. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधी महादेवी बोलली.

"त्यास्नी काय इचारतीस? त्यांनी माझ्यासाठी लई खटपट केलती."

मी मान हलवली. होय म्हणून.

गिरिजानं माझ्या मांडीवरून पोराला उचललं आणि ती आतल्या खोलीत गेली. महादेवीनं डोळे पुसले, पदर सावरला आणि मला विचारलं, चहा ठेवू काय. मी म्हणालो, ठेव.