दुपारनंतर ठेवावं

आमच्या घरात 'तारीख' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. गॅसची टाकी वेळेवर आली नाही की आई म्हणायची, तारीख पडली. मी भांडी घासायला टाळाटाळ केली की म्हणायची, तारीख मागू नको, ऊठ. मामा लग्नाचा विषय पुढे ढकलत राहिला तेव्हा तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं की तुझी केस कोर्टापेक्षा वाईट आहे.

याला कारण होतं. मी शाळेत असताना जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात, बी साफ करायच्या मशीनमध्ये आईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तिने भरपाईचा दावा लावला. मग कितीतरी वर्षं ती डबा भरून, मला सोबत घेऊन कोर्टात जायची आणि दिवसभर मागच्या बाकावर बसायची. तिच्या नावाचा पुकारा व्हायचा, समोरचा वकील उभा राहून काहीतरी पुटपुटायचा, आणि आम्ही परत घरी. रस्त्यात ती मला विचारायची, "काय म्हनला गं तो?" मला तरी कुठे कळलेलं असायचं. भरपाई शेवटी मिळाली. आईने दुसऱ्या कारखान्यात काम धरलं आणि उरलेल्या बोटांनी माझ्यापेक्षा गोल चपात्या लाटायला लागली. पण तो पुटपुटणारा माणूस काही तिच्या डोक्यातून गेला नाही.

तरीही मी वकील होणार म्हटल्यावर तिने एकदाही नाही म्हटलं नाही. आमच्या भिंतीवर कोट घातलेले बॅरिस्टर साहेब माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. वस्तीतल्या प्रत्येक घरात आहेत. त्यामुळे काळ्या कोटाचं आमच्याकडे कुणाला नवल नव्हतं, फक्त तो अजून फोटोतून खाली उतरला नव्हता.

लोकांना वाटतं, कायद्याची पदवी मिळाली की झाला वकील. मलाही तसंच वाटायचं. पदवीनंतर सनद घ्यावी लागते. तिच्यासाठी इतके कागद जोडले की झेरॉक्सवाला मला ताई म्हणायला लागला. शपथ घेताना माझा आवाज असा फाटला की शेजारच्या मुलीने मला पाण्याची बाटली दिली. आणि सनद हातात आल्यावर कळतं की ही अजून कच्चीच आहे. देशभर एकच असलेली वकिलीची परीक्षा पास झालात तरच पक्की. पहिल्या खेपेला मी थोडक्यात नापास झाले आणि आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकत होते ते सर जालन्यातले जुने वकील. माणूस प्रेमळ, पण नियम कडक. परीक्षा पास होईपर्यंत कोर्टात तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. कायद्याने तशी आडकाठी नव्हती, पण सरांची होती. मी फाइली उचलायचे, अर्ज टाइप करायचे, सरांचा चष्मा शोधून द्यायचे. एका विहिरीच्या वादाची फाइल तर मी इतक्यांदा वाचली होती की त्या विहिरीचं पाणी स्वप्नात प्यायचे.

दुसऱ्या खेपेचा निकाल लागला तेव्हा मी आईच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होते. साइट उघडत नव्हती. मोबाइल डोक्यावर धरला, रस्त्याच्या त्या बाजूला गेले, या बाजूला आले. शेवटी उघडली आणि पास झाल्याचं दिसलं. मी वॉचमनला मिठी मारणार होते, तो वेळीच मागे सरकला. जेवणाच्या सुट्टीत आई बाहेर आली, अंगावर बियाण्याला लावायच्या विषारी औषधाचा गुलाबी रंग. मी धावले तशी ती दोन्ही हात वर करून ओरडली, "लांब राह्य, इख हाये अंगावर!" मग आम्ही हातभर अंतर ठेवून नाचलो. ती तिथे, मी इथे. तिच्या मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या आणि वॉचमन हसून हसून खाली बसला होता.

दमल्यावर आई म्हणाली, एक गोष्ट कबूल कर. मी म्हटलं, माग. तेव्हा तिने घर मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

"तारीख मागायची न्हाई. बिलकुल न्हाई."

मी म्हटलं, तो शब्द तोंडातून काढणार नाही. आता, तारीख न मागणारा वकील म्हणजे कपडे न धुणारा परीट, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या दिवशी मला कुणी चंद्रावर जायला सांगितलं असतं तर मी फक्त कधी निघायचं एवढंच विचारलं असतं.

पक्क्या सनदेचं प्रमाणपत्र आलं आणि सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात विहिरीच्या केसमध्ये समोरच्यांच्या साक्षीदाराची उलटतपासणी आहे, ती मी घेतो, पण उभं राहून आपली हजेरी तू सांगायची. म्हणजे माझ्या वाट्याला एक वाक्य आलं. मी ते वाक्य आरशासमोर म्हटलं, अंघोळ करताना म्हटलं, मामाच्या टेम्पोत म्हटलं. मामाचा टेम्पो एमआयडीसीत कामगारांची ने-आण करतो. त्याने परस्पर जाहीर करून टाकलं की त्या दिवशी सगळ्यांना कोर्ट दाखवायचं.

त्या दिवशी मी नवा कोट, पांढरा बँड घालून कोर्टाच्या आवारात पोहोचले, तर टेम्पो आधीच येऊन थांबलेला. आई इस्त्रीच्या साडीत, सोबत तिच्या कारखान्यातल्या पाचसहा जणी, सुट्टी टाकून आलेल्या. एकीने हार आणला होता. मी हातापाया पडून तो पिशवीत परत ठेवायला लावला. तेवढ्यात सरांचा फोन आला. ते आदल्या दिवशी संभाजीनगरला पाहुण्यांकडे गेले होते, सकाळच्या गाडीने येत होते आणि गाडी बदनापूरला कधीची उभी होती. इंजिन बिघडलं होतं म्हणे. सर एकदम निवांत होते. म्हणाले, काळजी करू नको, उभी राहा आणि तारीख घे.

माझं डोकंच चालेना. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात तोंड उघडायचं आणि तेच मागायचं. आणि मागे कोण बसलंय, तर आई. मी स्वतःची समजूत घातली की वर पंख्याचा एवढा आवाज आहे, आपण पुटपुटलो तर तिला ऐकू जाणार नाही. हे मनात आलं आणि माझीच मला इतकी चीड आली की कोटाच्या आत घाम फुटला.

आत गेले तर आई मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाबांशी बोलत बसलेली. धोतर, पिवळसर फेटा, मांडीवर कापडी पिशवी. दोघांनी डब्यातली चटणीही वाटून घेतलेली दिसत होती. मला बघून ती उठली आणि मला दारापाशी घेऊन आली. बाबा टेंभुर्णीहून येतात, तिने सांगितलं. पहाटे म्हशीची धार काढून निघतात, एसटी बदलतात. कुणाच्या तरी विहिरीची साक्ष द्यायला दरवेळी येतात आणि दरवेळी समोरचा वकील पुढची तारीख घेतो. आईचा चेहरा लाल झाला होता. मी विचारलं, कोणत्या विहिरीची. विचारायची काही गरज नव्हती. फाइल माझ्या काखेत होती.

"आई, तो समोरचा वकील म्हणजे आमचे सर," मी म्हटलं. "आणि सर बदनापूरला अडकलेत."

आईने पदर खोचला. मला वाटलं आता आवाज चढवेल, पण ती अगदी हळू बोलली.

"मी त्यांची चटनी खाल्ली. आता तू तारीख मागितली तं त्या बाबाला मी काय तोंड दाखवू?"

आणि तेवढ्यात आमच्या केसचा पुकारा झाला.

मी पुढे गेले. फार लांब नाही, पण त्या दिवशी ती वाट संपेना. समोरचे वकील माझ्याकडे बघून गालात हसत होते, कारण मी तारीखच मागणार हे त्यांना ठाऊक होतं. बाबा पिशवी सावरून उठून उभे राहिले होते. न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, वकीलसाहेब कुठे आहेत? घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं होतं. मला वाटतं मी आधी नमस्कार केला, नाहीतर हातातली फाइल पडली. दोन्हीपैकी काहीतरी झालं.

"मॅडम, सर बदनापूरला आहेत, रेल्वे बंद पडली आहे," मी म्हणाले. "साक्षीदार लांबून आले आहेत. आज परत पाठवू नये. दुपारनंतर ठेवावं."

समोरच्या वकिलांचं हसू थांबलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"रेल्वे बंद आहे तर दुपारनंतर ते येणार कशाने?"

"टेम्पोने, मॅडम."

सगळं कोर्ट हसलं. टायपिस्ट हसला, पुकारा करणारा शिपाई हसला. मॅडमनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. मग म्हणाल्या, ठीक आहे, दुपारी पहिलंच हे घेऊ.

मी बाहेर पळत आले आणि मामाला हाताला धरून टेम्पोत बसवलं. मी म्हटलं, बदनापूर स्टेशनवरून सरांना आण. तो म्हणाला, "जल्दी सांग, माणूस कसा दिसतो?" मी म्हटलं, काळा कोट, मोठं पोट आणि माझ्यावर चिडलेला. तो गेल्यावर मी सरांना फोन लावला, म्हणजे कोर्टाला शब्द देऊन झाल्यावर. सगळं एका दमात सांगून टाकलं. सर म्हणाले, कसला टेम्पो? मी म्हटलं, निळा आहे सर. त्यांनी फोन ठेवला. मी वकील झाले त्याच दिवशी माझी वकिली संपली, असं मला मनापासून वाटलं, आणि तरी हसू आवरत नव्हतं.

जेवणाची सुट्टी संपता संपता टेम्पो आवारात शिरला. सर पुढच्या सीटवर, मांडीवर बॅग, भुवयांवर धूळ. खाली उतरून त्यांनी कोट झटकला, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त फाइल मागितली. मी खुणेची पानं दुमडून ठेवली होती. उलटतपासणी छान झाली. सरांनी विहिरीबद्दल विचारलं, बांधाबद्दल विचारलं, आणि बाबांनी प्रत्येक उत्तर असं ठासून दिलं की आमची बाजू काही फार सुधारली नाही. पण साक्ष झाली. बाहेर आल्यावर सर म्हणाले, पुढच्या वेळी आधी मला विचारायचं, मग टेम्पो पाठवायचा. आणि मामाला म्हणाले, गाडी बराबर चालवता तुम्ही.

बाबा मात्र आत बाकावरच बसून होते. मी जवळ गेले तर त्यांनी विचारलं, "पुढची कोनती तारीख लागली, बाई?"

"नाही बाबा. तुमचं झालं. आता यायचं नाही."

ते हो म्हणाले आणि तरी उठेनात. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून उरलेली भाकरी काढली, ती आईच्या हातात दिली आणि एसटी स्टँडकडे गेले, इतक्या झपाझप की मागे वळून बघितलं नाही.

आम्ही टेम्पोपाशी आलो. हार आता घालावाच लागला. आईच्या मैत्रिणींना शंका होती की हे एवढंच होतं का, भांडण वगैरे काही नसतं का. त्यांची समजूत घालता घालता माझी नजर आईकडे गेली. दोन बोटं नसलेला हात दुसऱ्या हातात धरून ती टेम्पोला टेकून उभी होती.

"त्या पंख्यापायी मला काय ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "काय म्हनली गं तू?"

रस्त्यात हाच प्रश्न विचारायची ती. तेव्हा मला उत्तर माहीत नसायचं. मी सरळ उभी राहिले, बँड नीट केला आणि भर आवारात, पार्किंगमधल्या लोकांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने म्हणाले, "साक्षीदार लांबून आले आहेत. आज परत पाठवू नये. दुपारनंतर ठेवावं."

आईने ते पूर्ण ऐकलं. पदराने डोळे पुसले, अगदी उघडपणे, कुणापासून न लपवता.

"आमच्या टायमाला असं कोनी म्हनलं न्हाई," ती म्हणाली.

मग नाक ओढलं, मामाला हाक मारली आणि मला म्हणाली, आता याला म्हणून दाखव, हा तेव्हा बदनापूरला गेल्ता. मी परत म्हणाले.